ढील

चाळीस वर्षं मी तारा ताणत आले.
पियानोच्या पोटात डोकं घालून
एकेका खुंटीला चावी लावायची,
किंचित वर, अजून किंचित,
सूर लागला की हात काढायचा.

आणि पोर्तो शहर चढतच राहिलं.
नदीपासून कुठल्याही गल्लीत शिरा,
गुडघ्याला ती आधीच ठाऊक असते.
माझी घडीची सायकल, लहान चाकांची,
पिशवीत चाव्या, नमद्याचे तुकडे, नादकाटा.
यंदा मार्चात क्लेरिगुशच्या चढावर
मी उतरले. पहिल्यांदाच.
हातात धरून नेली वरपर्यंत,
आणि गिऱ्हाइकाच्या खिडकीतून दिसेल म्हणून
कोपऱ्यावर पुन्हा चढून बसले.

तळमजल्यावर अदेरितु मोबाइल दुरुस्त करतो.
केप व्हर्डीचा. बोलताना हातातला स्क्रू खाली ठेवत नाही.
"दोना अदोझिंदा, मोटर बसवू.
दोन संध्याकाळी लागतील."

लागल्या सात.

मोटरचा आस जाड, सायकलचा चिमटा अरुंद.
कानशीनं घासत बसलो आळीपाळीनं,
अर्धा मिलिमीटर, केवढा लांब असतो अर्धा मिलिमीटर!
पेडलपाशी बारा चुंबकांची चकती,
ती आधी उलटी बसवली,
मग सायकल फक्त मागे पेडल मारल्यावर पळू बघे.
नव्या चाकाचे आरे मी नखानं छेडले:
"तिसरा उतरलाय. अकरावाही."
अदेरितु हसला. मग मोजलं.
मग हसायचा थांबला.

तार मात्र मी लावली.
मागच्या बॅटरीपासून पुढच्या मोटरपर्यंत
सरळ, ताठ, नीटस,
बिजागरीवरून घट्ट आवळून.
हाताला दुसरं येतच नाही.
सायकलची घडी घातली, आणि

टक्.

बारीकसाच आवाज.
माझ्या धंद्यात तो झोपेतही ओळखू येतो.
हँडलवरचा दिवा विझला.

अदेरितुनं काही म्हटलं नाही बराच वेळ.
कथील वितळवत होता.
मग तारेला मधे बोटभर जागा सोडून म्हणाला,
"इथं ढील ठेवायची. दुमडणार ना ती."

बिजागरीपाशी आता तारेचं पोट सुटलंय.
दिसायला गबाळं. दोनदा आवळायला हात गेला,
दोनदा मागे घेतला.

मोटर फा आणि सोल यांच्या मधोमध घुमते.
चढावर फाकडे घसरते,
बॅटरी संपत आली की आणखी पाव सुरानं खाली.
काट्याकडे बघायची गरज नाही,
घरी पोचेन की नाही ते मला ऐकू येतं.
कॉफीच्या टपरीवरचा सेन्योर गुमेर्सिंदु
मला चढावर बघून ओरडला, "ही तर लबाडी!"
म्हटलं, तुमचे गुडघे द्या, मोटर काढून ठेवते.
त्यानं स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं
आणि कॉफी ढवळत राहिला.

एक गोष्ट हिशेबात धरली नव्हती.
अकरा किलोची सायकल झाली सोळा,
आणि मी राहते चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.
सबंध शहर सपाट झालं,
चढ सगळा माझ्या जिन्यात येऊन राहिला.

आता सायकल अदेरितुच्या दुकानात निजते,
मेलेल्या मोबाइलांच्या शेजारी.
मी नुसती बॅटरी काखोटीला मारून वर जाते.
दुसऱ्या मजल्यावर थांबते.
पूर्वी थांबत नसे. बॅटरी पायरीवर ठेवते,
तिच्याजवळ बसते, वरच्या कुणाच्या तरी
कांद्याच्या फोडणीचा वास येतो.
घाई कसली.

स्वयंपाकघरात तिला चार्जरला लावते.
चार्जरचा बारका पंखा फिरायला लागतो
नेमका सोलमध्ये.
नादकाटा काढून दोनदा पडताळलं.
कणभरही चूक नाही.
याला कुणी लावला असेल?